वाचकांचे प्रश्न : क्रूझर विकून उंच गाडी घेताना

प्रश्न : पाच वर्षं रॉयल एन्फिल्डची मेटिऑर ३५० ही क्रूझर (बुटकी, पाय पुढं ठेवून चालवायची गाडी) चालवतोय. उंची साडेपाच फूट, वजन ७४ किलो. आता त्यांचीच उंच हिमालयन ४५० घ्यायची आहे. शोरूममध्ये बसून पाहिली तर दोन्ही टाचा अधांतरी. ओळखीचा एक मिस्त्री म्हणतो, उद्यमनगरात मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बनवून गाडी इंचभर खाली बसवून देतो. करून घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यात नको. मेटिऑरची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे. हिमालयनची ८२५ किंवा ८४५ वर बसवता येते. म्हणजे खालच्या खाचेत फरक फक्त सहा सेंटीमीटरचा. तो जास्त वाटतो, कारण क्रूझरवर आपण दोन्ही तळवे सपाट टेकवून उभे राहायला सोकावलेले असतो. उंच गाडीवर एक पाय पुरेसा टेकला तरी भागतं.

आधी गाडी तुमच्या वजनाला लावून घ्या. मागचं सस्पेन्शन २०० मिलिमीटर चालतं. तुम्ही बसल्यावर त्यातलं साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६० ते ६५ मिलिमीटर दबलं पाहिजे. मोजायला तुमच्याशिवाय दोन माणसं आणि एक टेप लागतो. मागचं चाक हवेत राहील अशी गाडी धरायची, मागच्या एक्सलपासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टी लावायची आणि अंतर लिहायचं. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून बसायचं, दुसऱ्यानं गाडी सरळ धरायची आणि तिसऱ्यानं तेच अंतर पुन्हा मोजायचं. समजा आधी ६१० आलं आणि बसल्यावर ५७० भरलं, तर गाडी ४० च दबली. म्हणजे स्प्रिंग तुमच्यासाठी ताठ आहे. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, एकेक खाच सैल करा आणि परत मोजा. इथंच दीड-दोन सेंटीमीटर पदरात पडतात, तेही फुकट. उलट दबणं ८० च्या वर गेलं तर मात्र घट्ट करावं लागेल, नाहीतर खड्ड्यात गाडी तळाला आदळेल.

तरी कमी पडलं तर जाड तळव्याचे बूट. त्यानंतर सीटचा फोम, पण वरून नाही, मांडीकडच्या दोन्ही कडा उतरवून घ्या. पाय फाकत नाही, सरळ खाली येतो. वरचा फोम कापला तर उंची कमी होते, पण तासाभरात माकडहाड बोलायला लागतं.

राहिली लिंक. उद्यमनगरात काय बनत नाही! पण मागची बाजू २५ मिलिमीटर उतरली आणि पुढची तशीच राहिली की फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) जास्त कलतो आणि गाडी वळायला जड होते. मग फोर्कचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात, आणि पूर्ण दाबल्यावर टायर कुठं घासत नाही ना ते तपासावं लागतं. साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभी राहते आणि जराशा उतारावर उजवीकडं आडवी होते. स्टँड कापून पुन्हा वेल्ड करायचा. शिवाय अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर या बदलाबद्दल विचारू शकतो, ते वेगळंच. म्हणून हा उपाय सगळ्यात शेवटचा.

थांबण्याची रीतही बदला. वेग मरायच्या आधी पहिला गिअर टाका, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवा, बूड सीटच्या डाव्या कडेला सरकवा आणि फक्त डावा पाय पूर्ण टेका. आणखी एक गोष्ट : पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधे फुगीर आणि डावीकडं उतरते असतात, आणि डांबर संपलं की साइडपट्टी आणखी खाली. सिग्नलला अगदी डाव्या कडेला थांबलात तर नेमका टेकायचा पाय खोलात जातो आणि १९६ किलोंची गाडी त्याच बाजूला झुकते. नव्या उंच गाड्या जागच्या जागी पडतात त्या बहुतेक अशाच. लेनच्या मधोमध थांबा.

प्रश्न : क्रूझर विकून ४५० सीसीची गाडी घेतली. करूळ घाटात वळणांवर इंजिन ठोकतं, चेन खडखडते. ताकद जास्त असून असं का? आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली की पाय हवेतच चाचपडतो.
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : गाडी बरोबर आहे, गिअर चुकतोय. मेटिऑरचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ४,००० आरपीएमलाच हजर असतो. तिथं तिसऱ्यात रेटत वळण काढता येतं. या वर्गातल्या इंजिनांचा जोर वर असतो : हिमालयनचा ४० न्यूटन-मीटर ५,५०० ला आणि पूर्ण ४० पीएस ८,००० ला. २,२०० वर तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पिळला की प्रत्येक स्फोटाचा धक्का सुटा सुटा चेनपर्यंत पोचतो. तोच तुमचा खडखडाट. वळणाच्या आधीच ब्रेक संपवा, दुसरा टाका आणि आरपीएमचा काटा ४,००० च्या वर ठेवून वळणातून हलका अ‍ॅक्सिलरेटर चालू ठेवा. पहिले काही दिवस इंजिन उगाच ओरडतंय असं वाटेल. ओरडू द्या. उतरतानाही दुसराच, म्हणजे मागचा ब्रेक तापत नाही.

चेन एकदा बघून घ्याच. लांब सस्पेन्शनच्या गाडीला चेन सैल वाटते म्हणून मिस्त्री ताणून देतात. पण सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताठ होते. स्टँडवर ताठ दिसणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ टाकते. मॅन्युअलमधलाच आकडा पाळा, तोही त्यात सांगितलेल्या स्थितीत मोजून. तेल दर ५०० किलोमीटरला. गगनबावड्याच्या पावसात मात्र रोज संध्याकाळी.

पायाचं कारण सोपं आहे. क्रूझरचे फूटरेस्ट पुढं असतात, या गाडीचे बुडाखाली. घाबरलं की पाय जुन्या जागी, पुढं जातो, आणि तिथं काहीच नसतं. टाचेनं गिअर वाढवायची सवयही अशीच मोडावी लागते, कारण मागचा दांडा आता नाही. बूट गिअरखाली शिरत नसेल तर लिव्हर स्प्लाइनवरून (दातेरी दांड्यावरून) काढून एक दात वर बसवा. मोकळ्या मैदानात ३०, ४० आणि ५० च्या वेगात प्रत्येकी दहा वेळा थांबून पाहा. पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत : आधी फोर्क दबेपर्यंत हलका, मग जोर. लांब फोर्कवर एकदम आवळला की नाक बुडतं आणि वजन मनगटावर येतं.

प्रश्न : गळीत हंगामात रस्त्यावर चिखल असतो. एबीएस बंद ठेवावं का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नाही. मागचं एबीएस बंद करायचं ते सुट्या दगडमातीच्या वाटेवर, डांबरावर नव्हे. ट्रॅक्टर शेतातून वर चढतो तिथं काळ्या मातीचा दहा-पंधरा फुटांचा पट्टा होतो. त्याच्या आधीच वेग उतरवा, त्यावरून गाडी सरळ आणि अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवा, पुढच्या ब्रेकला हात लावू नका. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांचा धोका चिखलापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : फोंडा घाटानं गोवा, कधी बेंगळुरू, बाकी गावात. कच्चा रस्ता वर्षातून दोनदा. सध्या मेटिऑर आहे. काय घ्यावं? आणि मागं मोठा डबा लावला तर चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुम्हाला २१ इंची पुढचं चाक नकोच. ते दगडांवरून छान चढतं, पण डांबरावर वळताना सुस्तावतं. १९ इंची बघा : केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर एक्स किंवा सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. दुसरी २४९ सीसीची, २६.५ पीएस, सीट ८३५ मिलिमीटर, पण वजन १६७ किलो, म्हणजे मेटिऑरपेक्षा २४ किलो हलकी. हिशेबाची बाब अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि ३५० च्या पुढच्या गाड्यांना ४० टक्के आहे. महामार्गावर दोघं बसून सतत शंभरच्या पुढं जायचं असेल तरच मोठ्या इंजिनाचे पैसे वसूल होतात.

डब्यात रेनकोट आणि चपला ठेवा, पाणी आणि हत्यारं नको. डबा मागच्या एक्सलच्याही मागं लटकतो, त्यामुळं तिथं भरलेले पाच-सहा किलोही पुढचं चाक हलकं करतात आणि नव्वदच्या पुढं हँडल थरथरायला लागतं. जड सामान दोन बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तितकं खाली आणि पुढं. डाव्या-उजव्या पिशव्या वजनकाट्यावर सारख्या करून घ्या. सायलेन्सरच्या बाजूची पिशवी पट्ट्यानं वर ओढून बांधा आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून हात लावून पाहा. कापड तापलेलं लागलं तर मधे पत्र्याची पाटी बसवावी लागेल.