‘पेपर टाका’ म्हणाले आणि गप्प झाले

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत माझे चार राउंड झाले. एचआरचा फोन आला, “तुम्ही सिलेक्ट आहात, पेपर टाका, ऑफर लेटर दोन-चार दिवसांत येईल.” इथली नोटीस 90 दिवसांची, म्हणून मी लगेच राजीनामा दिला. दीड महिना झाला, लेटर नाही. आधी “अप्रूव्हलला आहे” म्हणायचे, आता फोनच उचलत नाहीत. ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस यावं लागेल असं सांगितलं होतं, आता पाचही दिवस सक्ती होणार असं ऐकतेय. आई साताऱ्याला एकटी असते, शुक्रवारी मी तिथूनच काम करते. सारखं विचारलं तर ते नाव कापतील का?

उत्तर : अगं, विचारलं म्हणून कुणी नाव कापत नाही. आणि साधी चौकशी केल्यावर जे नाव कापतील, त्यांच्याकडे रुजू न झालेलंच बरं.

तुला फोन करणाऱ्याच्या हातात बहुतेक काहीच नसतं. भरतीचं काम करणारी ही मुलं पुष्कळदा स्वतःच कंत्राटावर असतात. तुझी जागा एखाद्या क्लायंटच्या प्रोजेक्टशी बांधलेली असते. तिकडे सही लांबली की जागा ‘होल्ड’वर जाते आणि उमेदवाराला ते कळवायची जबाबदारी कुणाचीच नसते. तुझ्या कामाची पारख चार राउंडमध्ये झाली, या गप्प बसण्याशी तिचा संबंध नाही. पण हातात कागद न देता कुणाला “पेपर टाका” म्हणणं साफ चूक आहे. त्याचा मला मनापासून राग आला.

आता आधी मॅनेजरकडे जा. मेल नको, समोर बसून बोल. “तिकडचं लांबलंय, मला इथेच थांबायचंय, राजीनामा मागे घेता येईल का?” एवढंच विचार, कारणं रचू नकोस. हो म्हणायचं की नाही हे कंपनी ठरवणार, पण तुझ्या जागी दुसरं माणूस येण्याआधी विचारलंस तर हो म्हणणं त्यांनाही सोपं जातं. तयार झाले तर ते मेलवर घे. नाही म्हणाले तर निदान शेवटचा दिवस पुढे ढकलायला सांग.

मग नव्या कंपनीला एकच मेल कर. एचआरबरोबर ज्या मॅनेजरने शेवटचा राउंड घेतला त्यालाही सीसीत ठेव. “फोनवर सांगितल्याप्रमाणे मी राजीनामा दिला आहे. माझा शेवटचा दिवस अमुक आहे. येत्या शुक्रवारपर्यंत ऑफर लेटर मिळेल का, आणि आठवड्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल, हे कृपया मेलवर कळवावं.” विनवणी नको आणि रागही नको. फोनवरच्या बोलण्याची लेखी नोंद त्यात आपोआप होते.

लेटर आलंच तर पगाराच्या आधी रुजू होण्याची तारीख बघ. 2022 मध्ये इन्फोसिसचं लेटर हातात पडलेली कित्येक फ्रेशर मुलं 2024 पर्यंत घरी बसून होती. आयटी कर्मचाऱ्यांच्या पुण्यातल्या ‘नाइट्स’ या संघटनेला त्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी लागली.

ऑफिसच्या दिवसांचं मात्र मी तुला खोटा दिलासा देणार नाही. कामाची जागा आणि वेळा कंपनी बदलू शकते, असं कलम बहुतेक ऑफर लेटरमध्ये असतं. टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून पाचही दिवस ऑफिस केलं, बाकीच्याही त्याच वाटेने चालल्यात. तेव्हा पाच दिवस धरूनच हिशेब कर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर हिंजवडीहून स्वारगेट गाठायचं, मग साताऱ्याची एसटी. घरी पोहोचेपर्यंत आई झोपलेली असेल. महिन्यातून चार वेळा हे जमेल का? पगार किती वाढतोय हे तू लिहिलंच नाहीस, त्यामुळे ते वजन तुलाच करावं लागेल. तुझ्या पत्रात आईबद्दल एकच वाक्य आहे, पण मला तेच सगळ्यात जड वाटलं.

शुक्रवार उलटला आणि उत्तर आलं नाही, तर तिकडचं संपलं असं धर. राजीनामाही मागे घेता आला नसेल, तर त्याच संध्याकाळी नोकरी डॉट कॉमवरच्या प्रोफाइलमध्ये शेवटच्या दिवसाची तारीख टाक. तीन महिने थांबायची कुणाची तयारी नसते, त्यामुळे नोटीस संपत आलेल्या उमेदवाराला फोन लवकर येतात. आणि या खेपेला लेटर हातात आल्याशिवाय कुणालाही हो म्हणू नकोस.