शर्ट ४० चा, मग कुर्ती कुठली घेऊ?

प्रश्न: मी ३४ वर्षांचा पुरुष, मला घरी कुर्ती, साडी नेसायला आवडतं, बायकोला माहितीये आणि तिची काही हरकत नाही. शर्ट ४० चा लागतो म्हणून कुर्तीपण ४० चीच मागवली तर ती खांद्यातच अडकली आणि खाली मात्र ढगळ. चुकतंय कुठे?

उत्तर: अहो, शर्टाचा आकडा विसरा आधी. बायकोलाच टेप धरायला सांगा आणि छाती, कंबर, सीट (म्हणजे नितंबाचा घेर) इंचात मोजा, आणि खांदा तर मोजाच, कारण तुमचा सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे साधारण एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ असं चालतं पण ब्रँडगणिक फरक पडतो, त्यामुळे साइज चार्ट बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका. पुरुषांचे खांदे रुंद आणि सीट कमी, म्हणून खांद्याला बसेल तो साइज घ्या आणि कमरेत टेलरकडून आत घ्या, उलटं जमत नाही कारण शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) असतेच किती! स्लीव्हलेस किंवा रॅगलन (गळ्यापासून तिरक्या जोडलेल्या) बाह्यांची कुर्ती असेल तर खांद्याची कटकटच कमी.

ब्लाउज मात्र रेडिमेड नको, शिवूनच घ्या, मुंढा (बाही जोडतात तो घेर) मोठा ठेवायला सांगा (टेलरने भुवया उंचावल्या तर नाटकासाठी म्हणा, तेवढं खोटं चालतं). परकराला नाडी असते, कमरेचं टेन्शन नाही, फक्त उंची बघा. साडीला तर साइजच नसतो!