वहीतले सगळे रविवार

"कर्ज मी काढायचं आणि ह्यानं नदीकाठी फोटो काढत बसायचं? शिकायला गेलाय की फिरायला, तेवढंच सांगा की हो मॅडम."

बेळगावजवळच्या येळ्ळूर भागातले भात पिकवणारे गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगा जर्मनीत आखेनला एम.एस. करतोय, त्यासाठी घर गहाण आहे. टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी आणतंच, पण पुराव्यासकट आलेले हे पहिलेच. त्यांनी पिशवीतून लाल कापडी बांधणीची वही काढली. पुढच्या पानांवर बियाणं, खत, मळणीची मजुरी. मागच्या पानांवर मुलाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसचा हिशेब: '९ नोव्हेंबर, चर्च. १६, नदी. ३०, डोंगरावर किल्ला. ७ डिसेंबर, बाजार, दिवे.'

पहिल्या भेटीत मी चुकले. "स्टेटस बघणंच सोडा," असा पुस्तकी सल्ला दिला. बापाचा डोळा असा सुटतो होय! पुढच्या आठवड्यात वहीत एक ओळ वाढलेलीच होती. ती वाचताना माझी नजर सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. ९, १६, ३०, ७. सगळे रविवार.

"मग सोमवार ते शनिवार तो काय करतो?" मी विचारलं.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "जेवलास काय विचारलं की हो म्हणतो. पुढं काय बोलायचं?"

मुलाला विचारूनच व्हिडिओ कॉल ठरवला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे संध्याकाळचे पाच. त्याच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आईला त्या दिवशी कळलं.

पैशांचा प्रश्न पटकन सुटला. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागले होते, त्यातले महिन्याला ९९२च हातात पडतात. उधळायचे म्हटले तरी कुठून? रेल्वे-बसचा पास त्याच्या सेमिस्टर फीमध्येच येतो. वेगवान गाड्या सोडल्या तर देशभर साध्या गाडीनं कुठेही जावं, वेगळं तिकीट नाही. "डब्यात चपातीचा रोल नेतो बाबा. पाण्याची बाटलीसुद्धा दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात, ती टाकत नाही मी." वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्या हिशेबानं आठवड्यातले दोन दिवस तो एका गोदामात खोकी लावतो. हे घरी ठाऊकच नव्हतं. खोकी उचलतानाचा फोटो कोण स्टेटसला टाकतं?

"पण दर रविवारी कशाला भटकायचं?" वडिलांचा मुद्दा कायम.

"रविवारी इथं दुकानं बंद. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात चिटपाखरू नसतं. खोलीत बसलं की डोकं फिरतं बाबा, म्हणून गाडीत बसतो." मग कोलोनच्या त्या चर्चचं निघालं. १२४८ साली पाया घातला आणि काम संपलं १८८० मध्ये. मनोऱ्यावर चढायला ५३३ पायऱ्या.

"पाटी होती काय तिथं?"

"मोजल्या मी. बोलायला कोण नव्हतं."

पलीकडे आणि अलीकडे दोन्हीकडे गप्प. शेवटी त्यानंच विषय बदलला. किल्ल्याचा फोटो होता तो ऱ्हाइनकाठच्या ड्राखेनफेल्स टेकडीवरचा, वर नुसते पडके बुरूज. "आपल्या राजहंसगडासारखंच हाय की! पण वर चहावाला नाही."

त्या हसण्यातच तो बोलून गेला की एका विषयात नापास झालाय. मला फिरण्यापेक्षा काळजी वाटते ती ह्या झाकून ठेवण्याची. तिकडे बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला मोजकेच प्रयत्न मिळतात, अनेकदा तीन, आणि ते संपले की अभ्यासक्रमच सुटतो. वडील भडकायच्या आत मी त्यालाच विचारलं, "पुढचा प्रयत्न कधी? विद्यापीठातल्या सल्लागाराला भेटलास का?" भेटला नव्हता. भेटायचं ठरलं, वारासकट. फोटो येतायत पण परीक्षेचं नाव काढलं की पोरगं फोन ठेवतंय, किंवा रविवारसुद्धा खोलीतच काढायला लागलंय, असं दिसलं तर मात्र पालकांनी वाट बघत बसू नये.

वडिलांना मी एकच काम दिलं: रविवारचं विचारायचं नाही, मधल्या वारांचं विचारायचं.

महिन्यानं ते कुंद्याचा डबा घेऊन आले. वही सोबत होतीच. मागच्या पानावर नवीन नोंद, त्याच वळणदार अक्षरात: 'मंगळवार. कुकरची शिट्टी बिघडली. भात लागला. पाणी दीडपट घालायला सांगितलं.'