ग्रेट ओशन रोडवर तंबू घेऊन दोघंच: चार रात्री कुठे काढाव्यात

तुमचा बेत वाचला. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून समुद्रकाठच्या ग्रेट ओशन रोडवर जायला भाड्याची गाडी, डिकीत तंबू, हाताशी चार रात्री आणि रोज नव्या ठिकाणी मुक्काम. त्यात पत्नी तंबूत कधी राहिलेल्या नाहीत, त्यांना हे झेपेल का ही धाकधूक. मी इथेच राहतो आणि आम्ही दोघं नवरा-बायको हा रस्ता तंबू घेऊनच करतो. म्हणून आग्रहाने सांगतो, रोज तंबू हलवू नका. चार रात्रींना दोन मुक्काम पुरेत, आणि दोन्ही वाटेवरच्या अपोलो बे या गावाच्या पुढे ठेवा.

टॉर्कीपासून ॲलन्सफर्डपर्यंतचा हा रस्ता साधारण २४० किलोमीटरचा आहे. अंतर कमी म्हणून बरेचजण तो एका दिवसात उरकतात: पहाटे मेलबर्न सोडायचं, भर दुपारी ट्वेल्व्ह अपोस्टल्सपाशी गर्दीत फोटो काढायचे आणि रात्री परत. पण दुपारच्या उन्हात ते चुनखडीचे सुळके फिके दिसतात. त्यांचा खरा रंग सकाळच्या पहिल्या किरणांत आणि सूर्य कलल्यावर उमटतो, आणि तो पाहायचा तर मुक्काम जवळच हवा. शिवाय रोज तंबू उतरवून, वाळवून, गुंडाळून पुन्हा ठोकण्यात दिवसाचा मोठा हिस्सा जातो. नवख्या माणसाचा उत्साह नेमका त्यातच संपतो.

टॉर्कीकडूनच निघा. इथे गाडी डाव्या बाजूने चालते, त्यामुळे पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि थांबण्याच्या जागांवर समोरची वाहतूक न ओलांडता वळता येतं. ईस्टर्न व्ह्यूची लाकडी कमान लागली की थोडं थांबा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, बराचसा कुदळ-फावड्याने, हा रस्ता खोदला, तोही युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे माहीत असलं की पुढच्या प्रत्येक वळणाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. लॉर्न ते अपोलो बे हा पट्टा कड्याला चिकटून जातो. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, पण तासभर धरा. मागे गाड्या साठल्या तर बाजूच्या रुंद जागेत शिरून त्यांना पुढे जाऊ द्या. आणि चालवणारा मधूनमधून बदला, कारण चाक ज्याच्या हातात असतं त्याला समुद्र बघायला मिळत नाही.

अपोलो बेला टाकी भरून घ्या, पाणी आणि किराणाही घ्या. इथून रस्ता समुद्र सोडून ऑटवेच्या जंगलात शिरतो आणि मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि कुठे राहणार आहात ते घरी कुणाला तरी कळवून ठेवा.

पहिल्या दोन रात्री इथे. ब्लँकेट बे, एअर रिव्हर आणि जोहाना बीच या तिन्ही जागा ग्रेट ऑटवे राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि आधी ऑनलाइन आरक्षित करता येतात. माझी पसंती जोहानाला. वाळूच्या टेकाडांमागे मोकळं गवत, आणि रात्रभर लाटांचा आवाज. सोयी अगदी जेमतेम आहेत, पिण्याचं पाणी स्वतःचंच न्यावं लागतं. पत्नीला हे आधी मोकळेपणी सांगा, तिथे पोचल्यावर नको. आणि पाण्यात उतरू नका. किनारा देखणा असला तरी आत ओढून नेणारे प्रवाह जबरदस्त आहेत आणि जीवरक्षक नसतात. पोहायचंच असेल तर ते आधी लॉर्न किंवा अपोलो बेला, जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये.

मधला पूर्ण दिवस केप ऑटवेचं १८४८ सालचं दीपगृह आणि मेट्स रेस्टची पायवाट यांना द्या. झाडनेच्यांमधून (ट्री फर्न) जाणारी ती लाकडी वाट अर्ध्या-पाऊण तासात होते, पण बाहेर पडावंसं वाटत नाही. अंधार पडल्यावर लेव्हर्स हिलजवळच्या मेल्बा गलीत जा. ओल्या मातीच्या कडांवर तिथे चमकणाऱ्या अळ्या असतात. टॉर्च फक्त पायांपुढे धरा. अळ्यांवर उजेड पडला की त्या विझतात. दोघांनी मिळून बघावं असं या रस्त्यावर सर्वांत सुंदर काही असेल तर माझ्या मते हेच. परतताना गाडी अगदी हळू चालवा, कारण संध्याकाळनंतर वॉलबी आणि कांगारू अचानक रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या करारात प्राण्याच्या धडकेबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचून ठेवा.

उरलेल्या दोन रात्री ट्वेल्व्ह अपोस्टल्सजवळच्या प्रिन्सटाउन किंवा पोर्ट कॅम्बेलला. दोन्हीकडे तंबूला जागा आहे. पोर्ट कॅम्बेलला गरम पाण्याची अंघोळही मिळते, आणि दोन रात्री जंगलात काढल्यावर तिचं मोल कळतं. मार्चच्या मध्यावर सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. त्यानंतर अपोस्टल्सपासून लगेच निघू नका. अंधार होता होता छोटे पेंग्विन पाण्यातून बाहेर येऊन वाळू ओलांडतात, वरच्या कठड्यावरून ते दिसतात.

अपोस्टल्सवरच थांबू नका. लॉक आर्ड गॉर्जला मी जास्त वेळ देईन. १८७८ साली लॉक आर्ड जहाज इथे फुटलं, ५४ जणांपैकी टॉम पीअर्स आणि इव्हा कारमायकेल हे दोघंच वाचले. त्या अरुंद खाडीत खाली उभं राहिलं की लाटेतून किनाऱ्याला लागणं म्हणजे काय असेल ते अंगावर येतं. पुढे लंडन आर्च, समुद्रातली खडकाची नैसर्गिक कमान. १९९० मध्ये तिचा जमिनीला जोडलेला भाग कोसळला आणि पलीकडे अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. अपोस्टल्समधलाही एक सुळका २००५ मध्ये ढासळला. म्हणून विनवतो, फोटोसाठी कठडा ओलांडू नका. ही चुनखडी खालून पोखरलेली असते आणि वरून ते कळत नाही.

तंबूबद्दल. वारा इथे मुख्यतः नैऋत्येकडून, थेट दक्षिण महासागरावरून येतो, म्हणून दार त्या दिशेला नको. सगळे दोर ताणून बांधा, दिवस शांत वाटला तरी. तापलेल्या दिवशी वारा फिरला की तासाभरात हवा गारठते, त्यामुळे मार्च असला तरी गरम कपडे लागतातच. जमिनीची थंडी अडवणारी चांगली चटई पांघरुणाहून महत्त्वाची. नवख्या माणसाची रात्र बिघडते ती पाठीखालून. निलगिरीच्या मोठ्या फांद्यांखाली तंबू ठोकू नका, त्या वारा नसतानाही तुटून पडतात.

आगीचे नियम मनावर घ्या. मार्चमध्येही संपूर्ण आगबंदीचा दिवस जाहीर होऊ शकतो, आणि त्या दिवशी उद्यानात गॅसची शेगडीसुद्धा पेटवू नये. एका दिवसाचं न शिजवता खाण्याजोगं सामान कायम जवळ असू द्या. आगीसारख्या संकटांचे इशारे देणारं व्हिकइमर्जन्सी हे ॲप फोनमध्ये घ्या. मदतीचा क्रमांक ०००.

कुठेही जागा नाही मिळाली तर प्रेक्षणीय स्थळाच्या वाहनतळावर गाडीतच झोपू, असं तुम्ही लिहिलंय. तो पर्याय काढून टाका. तिथे रात्री राहायला मनाई आहे आणि दंड होतो. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी इथे लेबर डेची सुट्टी असते. तो जोडून आलेला शनिवार-रविवार टाळलात तर जागा मिळायला अडचण कमी येईल, पण आरक्षण आजच बघा.

परतीला तोच रस्ता धरू नका. पोर्ट कॅम्बेलहून आत वळून कोलॅकमार्गे प्रिन्सेस हायवेला लागा. रस्ता सरळ आहे, आणि गाडी परत करण्याच्या दिवशी तेच बरं.