ऐच्छिक विषयांचा फॉर्म भरण्याआधी

नागपूर

प्रिय बेटा,

परवा कोर्टाच्या पायऱ्यांवर तू मोबाइलवर ऐच्छिक विषयांची यादी दाखवलीस आणि विचारलंस, "मॅडम, लीगल हिस्टरी घेऊन पुढे उपयोग काय? सगळे म्हणतात, कंपनी कायद्याचा ग्रुप घे." तेवढ्यात माझं मॅटर पुकारलं आणि उत्तर राहून गेलं.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तुला सहा ऐच्छिक पेपर आहेत. त्यातले पाच पोटापाण्याचे घे. दिवाळखोरी, बँकिंग, बौद्धिक संपदा, जिकडे तुझा कल असेल ते. एक जागा मात्र कायद्याच्या इतिहासाला ठेव. तुला तर वकिली विदर्भातच करायची आहे.

मी वकिलीत नवी होते तेव्हा भंडाऱ्याकडच्या एका गावातून चार माणसं आली. तलाव सरकारी, पण त्यातून त्यांच्या धानाला येणारं पाणी वरच्या शेतवाल्याने पाट बुजवून अडवलं होतं. मी सातबारा पाहिला, फेरफार पाहिले. पाण्याचा हक्क कुठेच लिहिलेला नव्हता. "कागदावर काही दिसत नाही," असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. आमच्या चेंबरमधले वयस्कर वकील सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "वाजिब-उल-अर्ज पाहिलास का?" कायदा शिकून बाहेर पडले होते, पण गावच्या वहिवाटींच्या नोंदीचा हा शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये लाल बस्ता सोडला. कागद इतका जुना की पान उलटताना कडेचा भुगा बोटांना लागत होता. त्यात त्या गावाची सगळी वहिवाट लिहिलेली होती: आधी कुणाच्या बांध्यांना पाणी, मग कुणाच्या, गुरं कोणत्या वाटेने जाणार, तलावातले मासे कुणी धरायचे. त्या चौघांना मी निरोप पाठवून परत बोलावलं. ते आले, पण रोवणीचे दिवस तोवर निघून गेले होते. तो हंगाम माझ्या अज्ञानामुळे गेला, हे मी आजही विसरलेले नाही.

हे सातबाऱ्यात का नव्हतं, ते इतिहासच सांगतो. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि इंग्रजांनी इथे मालगुजारांना गावाचे मालक ठरवलं. वऱ्हाड निजामाकडून आलेलं, तिथे रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरणार. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून आपण त्यांना माजी मालगुजारी, मामा तलाव म्हणतो. मालक बदलला, वहिवाट मात्र वाजिब-उल-अर्जच्या नोंदीत राहिली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक (गावच्या मोकळ्या जमिनीवर चराई, सरपण अशा गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज आजही आहेत. वऱ्हाडातल्या अमरावतीची फाइल आणि मालगुजारीतल्या भंडाऱ्याची फाइल एकाच खंडपीठापुढे येतात, पण त्यांच्या मागचे कागद वेगळे असतात.

तू म्हणशील, मला जमिनीची कामं करायचीच नाहीत. बरं, फौजदारी घे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरायचं, हे कलम तिथून आलं. वर्गात ते चार ओळींत शिकवतात. तिन्ही निकाल आणि ते पत्र ओळीने वाचून बघ. त्या कलमातला एकेक शब्द कशासाठी आहे हे तुला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

आता फॉर्मचं. नुसतं विषयाचं नाव पाहून टिक करू नकोस. अभ्यासक्रम मागून घे. त्यात १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, १८३३ चा चार्टर अ‍ॅक्ट अशी नुसती सनावळी असेल आणि ऐंशी मार्कांची लेखी परीक्षा असेल, तर तो पेपर सोडलास तरी मी काही म्हणणार नाही. मूळ निकाल किंवा जुनी कागदपत्रं वाचून प्रकल्प करायचा असेल तर डोळे मिटून घे. कोण शिकवतं ते सीनियर मुलांना विचार, आणि शक्य असेल तर त्यांच्या एका तासाला मागे जाऊन बस. मार्क कमी पडतात ही भीती खरी आहे, विशेषतः तुला पुढे एलएलएमला जायचं असेल तर. तसं असेल तर सोबतचा एक पेपर सोपा निवड आणि तोल सांभाळ.

शनिवारी चार वाजता चेंबरला ये. येताना अभ्यासक्रमाची प्रिंट आण. त्या वाजिब-उल-अर्जची नक्कल मी जपून ठेवली आहे, ती काढून ठेवते. आपण दोघी मिळून वाचू. अक्षर लागायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळ मोकळी ठेव.

तुझी,
वकील मावशी