फुटबॉलपटूच्या लपवलेल्या प्रेमावरचा कोणता चित्रपट पाहावा? खरंच इतकं लपवावं लागतं का?

'मारिओ' पाहा. मार्सेल गिस्लर या स्विस दिग्दर्शकाचा, २०१८चा.

मारिओ बर्नच्या यंग बॉइज क्लबच्या २१ वर्षांखालील संघात खेळतो. मोठा करार अगदी हाताशी आलेला. जर्मनीहून लिऑन नावाचा स्ट्रायकर येतो, दोघांना एकाच फ्लॅटमध्ये राहायला मिळतं आणि ते प्रेमात पडतात. संघात कुणकुण लागते. ड्रेसिंग रूममधला छळ तर आहेच, पण मी हादरलो ते बंद दाराआडच्या बोलण्यानं. एजंट अगदी समजुतीच्या सुरात सांगतो, एखाद्या मुलीबरोबर दिसत जा. मग मैत्रीण जेनी मदतीला येते आणि तिचंही आयुष्य त्या नाटकात अडकत जातं. यात कुणी ठरवून दुष्ट नाही. जो तो मारिओचं भलंच करायला निघालाय. मारिओ साकारणाऱ्या माक्स हूबाखरनं ही घुसमट फार कमी शब्दांत दाखवली आहे. स्विस चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, ते मला अगदी पटलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जस्टिन फाशानू हे नाव लक्षात ठेवा. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश क्लबनं त्याच्यासाठी १० लाख पौंड मोजले. एवढी किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तो गे बारमध्ये जातो हे कळल्यावर मॅनेजर ब्रायन क्लफनं त्याला संघाबरोबर सराव करायला बंदी केली. १९९० मध्ये त्यानं आपण समलैंगिक असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सख्ख्या भावानं, तोही फुटबॉलपटूच, उघडपणे हात झटकले. इंग्लंडच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना हे सांगणारा पुढचा खेळाडू थेट मे २०२२ मध्ये समोर आला: ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स, वय १७. मधली ३२ वर्षं कोरडी. जर्मनीकडून ५२ सामने खेळलेल्या थॉमस हिट्झल्सपेर्गरनंही निवृत्त झाल्यावरच, जानेवारी २०१४ मध्ये, तोंड उघडलं.

हे आधी वाचलेलं असल्यामुळे असेल, मारिओ गप्प बसतो तेव्हा मला त्याचा राग आला नाही. जीव तुटला तो लिऑनसाठी. खेळ त्यालाही तितकाच प्रिय आहे, पण असं लपून जगणं त्याला जमत नाही.