संस्थेचा सदस्य झालास, आता एवढं कर

सदस्य झालास, चांगलं केलंस. पण फी भरून संस्थेचं जर्नल, म्हणजे संशोधनाचं नियतकालिक, कपाटात ठेवणार असशील तर काही उपयोग नाही. आपली भारतीय आनुवंशिकी व वनस्पती पैदास संस्था १९४१ ची. जर्नलही त्याच वर्षीचं. तिथे पेपर पाठवलास की अनोळखी परीक्षक तुझ्या आकड्यांची चिरफाड करतील. मनाला लावून घेऊ नकोस. इथे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत बसून आपल्याला आपलंच धान सरस दिसतं. बाहेरचा पैदासकार, म्हणजे नवे वाण तयार करणारा, विचारतो, रेप्लिकेशन किती घेतले, म्हणजे तोच वाण किती वाफ्यांत पुन्हा लावून पाहिला? चेक, म्हणजे तुलनेसाठी लावलेला वाण, कोणता होता? हे विचारणारं कोणीतरी हवंच, त्यासाठीच तर संस्था. परिसंवादात आपल्या पोस्टरजवळून हलू नकोस. खरी ओळख तिथेच होते.

आणि एक आग्रह. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी पटेल ३ या धानाच्या वाणाच्या बांधीत (शेतात) वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी निराळं राखलं, दर हंगामात निवडत गेले. त्यातूनच एचएमटी हा धानाचा वाण आला. अशी माणसं सहसा कुठल्या संस्थेच्या यादीत नसतात. कुणाच्या शेतातून बियाणं आणलंस, तर पेपरात त्याचं नाव आणि गाव लिहायचंच.